३७ गुणांची गोष्ट

मालिकेच्या पहिल्याच भागात एका चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे. पाद्री देवाकडे मागणं मागतोय ते संडरलँडच्या फुटबॉल संघासाठी. आमच्या खेळाडूंना साथ दे, संघाचं भलं झालं तर शहराचं भलं होईल, असा त्याचा अर्थ. बाकांवरची माणसं माना खाली घालून ऐकतायत. कुणीही हसत नाही.

मी हसलो होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, रात्री दीड वाजता, कानात इअरफोन घालून मी मोबाइलवर 'संडरलँड टिल आय डाय' पहिल्यांदा लावली तेव्हा. देवाला दुसरी कामं नाहीत का, असं वाटलं होतं. आठ भाग संपवून पुन्हा पहिल्या भागावर आलो, तेव्हा त्याच प्रसंगाला हसू आलं नाही. आता तिन्ही सीझन दोनदा बघून झाल्यावर त्याच प्रसंगाबद्दल माझी एक तक्रार आहे. हा लेख त्या तक्रारीचा आहे. पण मालिका चांगली आहे, मनापासून केलेली आहे, तेव्हा आधी तिचं देणं चुकतं करू.

पायऱ्या उतरताना

प्रीमियर लीगसाठी जागरणं करणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिच्या खाली काय आहे याची फारशी कल्पना नसते. खाली चॅम्पियनशिप असते, तिच्या खाली लीग वन, मग लीग टू. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ आणि प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन थेट वर जातात, पुढच्या काही संघांत प्लेऑफ होऊन आणखी एक जातो, आणि तळाचे तीन खाली घसरतात. वर आणि खाली यांत टीव्हीच्या पैशाची एवढी दरी आहे, की प्रीमियर लीगमधून पडणाऱ्या क्लबांचा कपाळमोक्ष होऊ नये म्हणून त्यांना काही वर्षं पैसे दिले जातात. त्यांचं नावच 'पॅराशूट पेमेंट'.

संडरलँड सलग दहा वर्षं प्रीमियर लीगमध्ये होता. त्यातली शेवटची काही वर्षं दरवर्षी बुडता बुडता वाचण्यात गेली. २०१६-१७ च्या हंगामात मात्र तो तळाला राहिला आणि खाली आला. गोलकीपर जॉर्डन पिकफर्डला एव्हर्टनला विकावं लागलं. संघाचे बहुतेक गोल करणारा जर्मेन डिफो करारातल्या कलमामुळे एक पैसाही न देता बोर्नमथला निघून गेला. अंगावर मोठं कर्ज होतं आणि अमेरिकन मालक एलिस शॉर्टची आणखी पैसे ओतायची इच्छा संपली होती.

अशा वेळी कॅमेरे आत आले. मालिका काढणाऱ्या कंपनीचं नाव 'फुलवेल ७३'. फुलवेल म्हणजे क्लबच्या जुन्या मैदानावर, रोकर पार्कवर, एका गोलच्या मागे असलेला प्रेक्षकांचा कट्टा. ७३ म्हणजे १९७३. त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या संडरलँडने बलाढ्य लीड्सला १-० असं हरवून एफए कप जिंकला होता. म्हणजे मालिका काढणारे लोक नावापासूनच भक्त. पडलेला संघ वर्षभरात उठून उभा राहतो, ही गोष्ट टिपायला ते आले होते.

घडलं उलटं. मॅनेजर सायमन ग्रेसनला लीगच्या पहिल्या पंधरा सामन्यांत एकच विजय मिळवता आला. ३१ ऑक्टोबर २०१७ ला घरच्या मैदानावर बोल्टनशी ३-३ बरोबरी झाली आणि त्याच रात्री त्याची नोकरी गेली. मग आला क्रिस कोलमन. वर्षभरापूर्वी त्याने वेल्सला युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेलं होतं. राष्ट्रीय संघ सोडून हा माणूस इथे का आला, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही असं मालिका बघताना वाटतं. तो आला, आणि जानेवारीत खेळाडू घ्यायला तिजोरीत पैसेच नाहीत हे त्याला कळलं. ज्याच्या गोलांवर संघ तरून होता तो लुइस ग्रॅबन बोर्नमथकडून उसना आणलेला होता. त्याच जानेवारीत तो परत गेला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं सगळं. शेवटी ४६ सामन्यांत ७ विजय, ३७ गुण, २४ संघांत २४ वा क्रमांक. लागोपाठ दुसऱ्या वर्षी घसरण.

जिंकणाऱ्यांची मालिका आणि हरणाऱ्यांची

योगायोगाने त्याच हंगामात, त्याच देशात, आणखी एका क्लबच्या आत कॅमेरे फिरत होते. मँचेस्टर सिटीवरची 'ऑल ऑर नथिंग' ही अॅमेझॉनची मालिका. तिचेही आठच भाग. सिटीने त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये १०० गुण मिळवले. तोवर कुणीच शंभरी गाठली नव्हती. बेन किंग्जलींचा भारदस्त आवाज, पेप ग्वार्डिओलाचं हातवारे करत फळ्यावर समजावणं, सगळं कसं चकचकीत.

दोन्ही लागोपाठ बघून पाहा. सिटीची मालिका बघताना मला सतत वाटत होतं की मी एक लांबलचक जाहिरात बघतोय. तिथे अडचण येते ती सुटण्यासाठीच. कुणी जखमी झाला तर भाग संपेपर्यंत तो परत धावायला लागणार हे आपल्याला ठाऊक असतं. सामन्याचा निकाल आधीच माहीत असल्यामुळे बघण्यासारखं उरतं ते फक्त वैभव.

संडरलँडच्या मालिकेतही निकाल माहीत असतो. तरी पोटात गोळा येतो. याचं कारण मला असं वाटतं, की इथे कॅमेरा मैदानापेक्षा मैदानाकडे बघणाऱ्यांवर जास्त असतो. गोल झाला की आपल्याला आधी चेहरे दिसतात. टॅक्सी चालवणारा एक चाहता, क्लबच्या स्वयंपाकघरात खेळाडूंसाठी रांधणाऱ्या बायका, दर सामन्याला त्याच खुर्चीत बसणारी म्हातारी जोडपी. संघ घसरला तर खेळाडू दुसरीकडे जातील, पण स्वयंपाकघरातल्या बाईंची नोकरी राहील का, हा प्रश्न मालिका मोठा आवाज न करता आपल्यासमोर ठेवते. हरण्याची किंमत खालच्या मजल्यावर कशी मोजली जाते हे मी कुठल्याही खेळपटात इतक्या नेमकेपणाने पाहिलेलं नाही.

१६ डिसेंबर २०१७ चा फुलहॅमविरुद्धचा सामना घ्या. संडरलँडने घरच्या मैदानावर शेवटचा विजय मिळवला होता तो त्याच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये. जवळजवळ पूर्ण वर्ष लोक तिकिटं काढून, थंडीत कुडकुडत, आपल्या संघाला जिंकताना न बघता घरी जात होते. जॉश माजा नावाचा अठरा वर्षांचा पोरगा बदली खेळाडू म्हणून उतरतो आणि सामन्यातला एकमेव गोल करतो. लीगमधला एक साधा विजय, मिळणार तीनच गुण. पण स्टेडियममध्ये जे काही होतं ते बघितलं तर वाटेल, वर्ल्ड कप जिंकला. सिटीच्या शंभर गुणांमधला एकही गुण मला एवढा जड वाटला नव्हता.

आणि २१ एप्रिल २०१८. समोर बर्टन अल्बियन, तळाच्या रांगेतलाच एक छोटा क्लब. संडरलँड १-० ने पुढे. शेवटची काही मिनिटं उरलेली. बर्टनकडून बरोबरीचा गोल करतो डॅरेन बेंट, जो काही वर्षांपूर्वी संडरलँडचाच लाडका स्ट्रायकर होता. मग भरपाईच्या वेळेत दुसरा गोल. १-२. हंगाम तिथे संपतो. असा प्रसंग कुणी पटकथेत लिहिला असता तर दिग्दर्शकाने खोडला असता, फारच बेतलेला आहे म्हणून.

आडनावासारखा क्लब

मी आर्सेनलचा चाहता आहे. का, याचं खरं उत्तर लाजिरवाणं आहे. शाळेत असताना ते जिंकत होते. आपल्याकडे इंग्लिश क्लबचा चाहता होणं म्हणजे दुकानात जाऊन टी-शर्ट निवडण्यासारखं असतं. कुणी ब्रूनो फर्नांडिससाठी युनायटेड निवडतो, कुणी सालाहसाठी लिव्हरपूल. संडरलँड कुणी निवडत नाही.

पण मी कोल्हापूरचाही आहे, आणि त्यामुळे मालिकेतली एक गोष्ट मला पटकन कळली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल खेळतात तेव्हा कुणाला 'तू यांचा चाहता का?' असं विचारलं तर तो वेड्यात काढेल. पेठ ज्या तालमीची, संघ तिचा, आणि आपण त्या पेठेचे. ते आडनावासारखं मिळतं. आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. संडरलँडमधल्या लोकांचं हेच आहे. मालिकेत कुणीही आपण या क्लबकडे कसे वळलो याची गोष्ट सांगत नाही. सगळे सांगतात ते आजोबांबद्दल, वडिलांबद्दल.

एक फरक मात्र आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. पेठेतला संघ हरला तर जाब कुणाला विचारायचा हे माहीत असतं. संध्याकाळी तालमीच्या दारात सगळे भेटतात. संडरलँडच्या लोकांना जाब विचारायला दारच नाही.

जो दिसत नाही तो

पहिल्या सीझनचे आठही भाग बघा आणि एक प्रश्न विचारा. या क्लबचा मालक कुठे आहे?

एलिस शॉर्ट कॅमेऱ्यासमोर बसून एक शब्द बोलत नाही. मालिकाभर त्याचा उल्लेख होतो तो पाऊस पडत नाही म्हणावं तसा. मालक पैसे देत नाहीये. मालक विकायला काढतोय. त्याच्या जागी आपल्याला दिसतो मार्टिन बेन, क्लबचा मुख्य कार्यकारी अधिकारी. तो फोनवर बोलतो, कपाळाला हात लावतो, खेळाडूंच्या एजंटांशी घासाघीस करतो. मालिका त्याला थोडीशी सहानुभूती देते आणि बराचसा राग त्याच्याकडे वळवते. पण रिकाम्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नव्हती.

शॉर्टच्या बाजूने बोलण्यासारखंही काही आहे. त्याने अनेक वर्षं स्वतःचा पैसा ओतला होता, आणि २०१८ च्या एप्रिलअखेर क्लब विकताना कर्जाचा बोजा स्वतः उचलला अशा बातम्या होत्या. एका श्रीमंत माणसाला एखाद्या शहराच्या काळजाचा तुकडा विकत घेता येतो, कंटाळा आला की सोडता येतो, आणि सोडताना तो चांगला वागला की नाही यावर त्या शहराचं नशीब ठरतं. खरी गोष्ट ही होती. मालिका तिच्या दारापर्यंत जाते आणि आत न शिरता पुन्हा स्टँडमधल्या रडणाऱ्या चेहऱ्यांकडे वळते.

जॅक रॉडवेलचं बघा. संघ खाली आला की पगार कमी होईल असं कलम बहुतेक खेळाडूंच्या करारात होतं, त्याच्या करारात नव्हतं. तेव्हाच्या बातम्यांनुसार आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड मिळत राहिले आणि तो जवळजवळ खेळलाच नाही. मालिकेत तो खलनायक होतो. स्वयंपाकघरातल्या बाईंची नोकरी जायची धास्ती एकीकडे आणि हा फुकटचा पगार दुसरीकडे, अशी मांडणी केली की कुणाचंही रक्त तापेल. माझंही तापलं. मग विचार केला. २०१४ मध्ये तो करार क्लबनेच केला होता ना? ते कलम घालायला विसरलं कोण? त्या माणसाचं नाव मालिकेत येत नाही, आणि रॉडवेलची बाजूही आपल्याला धडपणे ऐकायला मिळत नाही. गावातल्या भांडणात घर सोडून गेलेल्या भावावर सगळं ढकलतात, तसं काहीसं हे झालं.

याउलट जॉनी विल्यम्स. क्रिस्टल पॅलेसकडून उसना आलेला, पुन्हा पुन्हा दुखापत होणारा, मनाने खचलेला पोरगा. तो आपल्या मनाच्या अवस्थेबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलतो. फुटबॉलपटूही एका भाड्याच्या घरात एकटा बसून स्वतःवर चिडत असतो, हे दाखवणं मालिकेला छान जमलंय. म्हणजे माणसाकडे नीट बघायची नजर या लोकांकडे आहे. ती नजर कुणाकडे वळवायची आणि कुणाकडे नाही, ही निवड त्यांची आहे.

आणखी एक निवड खटकते. संडरलँडचा महिला संघ त्या हंगामात देशाच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये खेळत होता. स्टेफ हाउटन, जिल स्कॉट, लुसी ब्राँझ या इंग्लंडच्या खेळाडू याच क्लबातून पुढे गेलेल्या. त्या लीगची २०१८ मध्ये पुनर्रचना झाली, वरच्या दोन श्रेणींसाठी परवाने द्यायचे ठरले, आणि संडरलँडला दोन्हींपैकी एकही मिळाला नाही. मैदानावर तळाला न जाताही त्या मुली थेट तिसऱ्या श्रेणीत गेल्या. पुरुषांची घसरण आठ भागांत आली. बायकांच्या घसरणीचा मागमूस मला मालिकेत कुठे दिसला नाही.

दिवा आणि खाण

मालिकेच्या शीर्षकगीताचं नाव 'शिपयार्ड्स'. द लेक पोएट्सचं ते गाणं इतकं हळवं आहे, की 'स्किप इंट्रो'चं बटण दाबताना अपराधी वाटतं. संडरलँड हे एकेकाळी जहाजं बांधणारं आणि कोळसा उपसणारं शहर. शेवटचं जहाजबांधणीचं यार्ड १९८८ मध्ये बंद झालं. वेअरमथची कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद झाली. आणि ती खाण जिथे होती तिथेच १९९७ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. 'स्टेडियम ऑफ लाइट'. बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. आजोबा ज्या जमिनीखाली उतरत होते, तिच्यावर नातू हंगामाचा पास घेऊन बसतो.

एवढी विलक्षण जागा हाताशी असताना मालिका तिच्याकडून फक्त हुरहूर उसनी घेते. यार्डं आणि खाणी आपोआप बंद पडल्या नव्हत्या. त्या बंद करण्याचे निर्णय कुणीतरी घेतले, दूर कुठेतरी बसून, त्या गावात न राहणाऱ्या माणसांनी. त्या निर्णयांवर गावाने संप केले, भांडणं केली आणि हार पत्करली. २०१७ मध्ये क्लबचं जे झालं ते याच साच्यातलं आहे. निर्णय घेणारा दूर, भोगणारे जवळ. मालिकेने हे दोन धागे एकमेकांना बांधले असते तर ती मोठी झाली असती. तसं न करता ती म्हणते, उद्योग गेले, आता क्लबच उरलाय, म्हणून बघा हे लोक किती प्रेम करतात.

प्रेम करतात हे खरंच आहे. पण कुणाच्या प्रेमाचं एवढं कौतुक करत राहिलं की त्या प्रेमाचा फायदा कोण घेतंय हा प्रश्न असभ्य वाटायला लागतो. हंगामाचा पास दरवर्षी विकला जाणारच, लोक येणारच, याची खात्री मालकाला असेल तर वाईट कारभाराची शिक्षा त्याला कोण करणार? दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एवढा वाईट माल वर्षभर विकला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. इथे गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी पुन्हा दारात उभं असतं, आणि कॅमेरा त्याला वंदन करतो.

खुर्च्या बदलणारी माणसं

दुसरा सीझन, लीग वनमधल्या २०१८-१९ च्या हंगामाचा, १ एप्रिल २०२० ला आला. यात नवे मालक स्टुअर्ट डोनाल्ड आणि त्यांचे साथीदार चार्ली मेथवेन कॅमेऱ्यासमोर अगदी मोकळेपणाने वावरतात. आधीच्या सीझनमध्ये जे नव्हतं ते इथे भरभरून मिळतं, आणि म्हणून मला हा सीझन जास्त आवडतो.

मेथवेन सामन्याआधी वाजणारं संगीत बदलायला निघतो, कर्मचाऱ्यांना धारेवर धरतो, आणि नाताळनंतरच्या ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला गर्दीचा विक्रम करायचाच असा हट्ट धरतो. ४६,०३९ लोक येतात. 'लीग वन' या नावाच्या स्पर्धेसाठी तो तेव्हाचा विक्रम. डोनाल्ड जानेवारीच्या शेवटच्या दिवशी विल ग्रिग नावाच्या स्ट्रायकरसाठी फोनवर बोली वाढवत जातो. जवळची माणसं सांगतात, एवढी किंमत नाहीये. तो वाढवतच राहतो. ऑनलाइन सेलमध्ये रात्री बाराला दहा मिनिटं उरलेली असताना आपण जे करतो तेच, फक्त आकडे लाखो पौंडांचे. हा प्रसंग मी चार वेळा पाहिलाय आणि दर वेळी ओरडलोय. मालिकेने इथे कुणावरही शेरा मारलेला नाही. कॅमेरा योग्य माणसाच्या खोलीत ठेवला, एवढंच केलं, आणि एक क्लब कसा चालतो हे पहिल्या सीझनच्या आठ भागांपेक्षा जास्त कळलं.

त्याच जानेवारीत जॉश माजा गेला. फुलहॅमविरुद्ध गोल करणारा तोच पोरगा. लीग वनमध्ये त्याने १५ गोल केले होते, करार संपत आला होता, आणि बोर्दोने त्याला नेलं. ग्रिगची धावपळ झाली ती त्याचीच जागा भरायला.

या सीझनमधलं माझ्या मनात रुतून बसलेलं दृश्य मात्र खुर्च्यांचं आहे. स्टेडियममधल्या लाल खुर्च्या उन्हापावसाने विटून गुलाबी झाल्या होत्या. दूरचित्रवाणीवर दिसणारी क्लबची ती बेअब्रूच होती. नव्या मालकांच्या काळात त्या बदलायचं ठरलं आणि चाहते स्वतःहून कामाला आले. पाने घेऊन, गुडघ्यांवर बसून, विनामोबदला. याच खुर्च्यांवर बसायला पुढे तेच पैसे भरणार होते. बघताना डोळ्यांत पाणी येतं. ते पुसून झाल्यावर मात्र हिशेब मांडावासा वाटतो, की ज्या मालमत्तेत यांचा एका पैशाचाही वाटा नाही तिची दुरुस्ती हे लोक करून देतायत. मालिका पहिलं होऊ देते, दुसऱ्यासाठी थांबत नाही.

त्या वर्षी संडरलँड वेम्बलीवर दोनदा हरला. मार्चमध्ये पोर्ट्समथविरुद्ध पेनल्टीवर, ८५ हजार लोकांसमोर. मेमध्ये प्लेऑफच्या अंतिम सामन्यात चार्लटनविरुद्ध, भरपाईच्या वेळेतल्या गोलवर, २-१. लीग वनमधला मुक्काम वाढला.

तीन भागांचं यश

तिसरा सीझन यायला २०२४ उजाडलं. २१ मे २०२२ ला विकम वाँडरर्सला २-० हरवून संडरलँड अखेर लीग वनमधून वर आला, त्याची ही गोष्ट. आणि ती आटोपते अवघ्या तीन भागांत. हरण्याला आठ आणि सहा भाग, जिंकण्याला तीन. निर्मात्यांना ज्या शेवटासाठी २०१७ मध्ये कॅमेरे लावायचे होते तो शेवट हाती लागला, तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. हा सीझन मी जेवताना बघून संपवला. पहिला सीझन बघताना मला जेवता येत नव्हतं.

पुढची गोष्ट कुठल्याच सीझनमध्ये नाही. २४ मे २०२५ ला वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध भरपाईच्या वेळेत टॉम वॉटसन या क्लबच्याच अकादमीतून आलेल्या पोराने गोल केला. २-१. आठ वर्षांनी संडरलँड पुन्हा प्रीमियर लीगमध्ये. त्या रात्री मी आर्सेनलचा टी-शर्ट घालून, आवाज न करता, एकटाच उड्या मारत होतो. मग आठवलं, वॉटसनचा ब्राइटनला जाण्याचा व्यवहार त्याआधीच ठरला होता. क्लबसाठी सगळ्यात मोठा गोल केला तो निघालेल्या पोराने. माजा आठवला.

मला त्या पोरांचा राग येत नाही. पंचवीस वर्षांच्या आत मिळवायचं ते मिळवून घ्यावं लागतं, असा तो धंदा आहे. खेळाडू जातात, मॅनेजर जातात, मालक जातात. राहतात ते टॅक्सीवाले, स्वयंपाकघरातल्या बायका आणि पाद्री. सगळ्यांना सोडून जाता येतं अशा व्यवहारात ज्यांना जाता येत नाही त्यांच्याकडे निर्णयाचा कणभरही हक्क नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, की ज्यांच्या रक्तात हा क्लब आहे अशाच लोकांनी ही मालिका केली, आणि तरी हे वाक्य त्यांनी कुणाच्या तोंडून वदवलं नाही. कदाचित रक्तात होता म्हणूनच. घरातलं माणूस आजारी असताना डॉक्टरच्या बिलाबद्दल बोलणं बरं दिसत नाही.

तरीही तुम्ही ही मालिका बघाच. पहिला सीझन पूर्ण बघा, दुसरा दोनदा बघा. आणि पहिल्या सीझनच्या शेवटाकडे थोडं लक्ष द्या. ६ मे २०१८. बर्टनविरुद्ध सगळं संपून गेलंय. कोलमनची नोकरी गेली आहे. समोर वुल्व्हरहॅम्प्टन, चॅम्पियनशिपचे विजेते. या सामन्याने कुणाचंही काहीही बदलणार नाही. तरी लोक आलेत, गुलाबी खुर्च्यांवर बसलेत, आणि त्यांचा तळाला गेलेला संघ विजेत्यांना ३-० असं हरवतो.

लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी दोन्ही वेळा त्यांच्याबरोबर वाजवल्या. दुसऱ्या वेळी वाजवता वाजवता व्हीआयपी बॉक्सच्या काचेमागे कोण दिसतंय का, ते शोधत होतो.